सिद्धांत सांगितला, आता प्रतिमान कोणते सांगू?

प्रश्न : समाजशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. आपल्या घरातून उच्च शिक्षणापर्यंत पोहोचलेले पहिलेच असे विद्यार्थी वर्गात गप्प का राहतात आणि त्यांतले काही शिक्षण मध्येच का सोडतात, हा त्यांचा विषय आहे. त्यांनी आधी प्रश्नावली भरून घेतली, नंतर त्याच विद्यार्थ्यांपैकी काहींच्या दीर्घ मुलाखती घेतल्या आणि सैद्धांतिक चौकट म्हणून फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांची सांस्कृतिक भांडवलाची मांडणी (घरातून मिळालेली भाषा, अभिरुची आणि वागण्याच्या रीती शिक्षणात भांडवलासारख्या उपयोगी पडतात, ही) स्वीकारली. प्रगती अहवालाच्या सादरीकरणात समितीतील एका सदस्यांनी विचारले, ‘‘तुमचा सिद्धांत कळला, पण तुमचे प्रतिमान, म्हणजे पॅराडाइम, कोणते?’’ एका जुन्या प्रबंधात वाचलेला ‘रचनावाद’ (सामाजिक वास्तव माणसांनी दिलेल्या अर्थांतून घडते, ही भूमिका) हा शब्द त्यांनी सांगून टाकला. लगेच पुढचा प्रश्न आला : ‘‘मग परिकल्पना पाच टक्के सार्थकता पातळीवर कशा काय तपासता?’’ (संबंध नसतानाही असा निकाल केवळ योगायोगाने येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तरच संबंध मानायचा, ही संख्याशास्त्रातली कसोटी.) त्यावर त्यांना काही बोलता आले नाही. ‘प्रतिमानावर दोन पाने जोडा,’ असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे. वाचक विचारतात, की प्रतिमान म्हणजे मोठा सिद्धांत का? ते संशोधनाच्या आधीच निवडायचे असते का? आणि सर्वेक्षण व मुलाखती एकत्र घेतल्यामुळे त्यांचे काम सदोष ठरते का, त्यांतले एक काढून टाकावे लागेल का?

उत्तर :

तुमच्या पत्रात प्रश्न तीन असले, तरी त्यांच्यामागे एकच चित्र दिसते. सर्वांत खाली माहिती, तिच्यावर संकल्पना, त्यांच्यावर सिद्धांत आणि सर्वांत वर प्रतिमान, अशी उतरंड तुम्ही मनात धरली आहे. ती आधी बाजूला ठेवा, अशी माझी विनंती आहे. ती मनात असली, की बोर्द्यूंच्याही वरचे एखादे भारदस्त नाव शोधण्याची घाई होते, आणि समितीपुढे नेमके तेच झाले. सिद्धांत आणि प्रतिमान यांची कामेच वेगळी आहेत. सिद्धांत समाजाविषयी काहीएक विधान करतो : अमुक घडते ते तमुक कारणाने, किंवा अमुक प्रक्रिया अशा रीतीने चालते. ते विधान अपुरे निघू शकते, दुरुस्त करता येते, चुकीचेही ठरते. ज्याविषयी विधान करायचे ते समाजात मुळात कोणत्या स्वरूपात असते, ते माणसाला कसे कळते, कशाला पुरावा म्हणायचे आणि कोणता प्रश्न विचारण्याजोगा मानायचा, या गोष्टी मात्र सिद्धांत बोलू लागण्याआधीच ठरलेल्या असतात, आणि त्या ठरवणाऱ्या गृहीतकांच्या संचाला सामाजिक संशोधनात आज प्रतिमान म्हटले जाते. सिद्धांताची परीक्षा पुराव्यावर होते; पुरावा कशाला म्हणायचे हे प्रतिमानात ठरते.

म्हणूनच सर्व मानवी इतिहासाचा अर्थ वर्गसंघर्षातून लावणारी मांडणी कितीही विशाल असली, तरी ती इतिहासाविषयी दावा करते तेवढ्यापुरती सिद्धांतच असते, आणि दहा-बारा मुलाखतींवर उभा असलेला छोटासा अभ्यासही, त्याच्या कर्त्याने कबूल केले अथवा न केले तरी, कुठल्या ना कुठल्या प्रतिमानात उभा असतो.

तुमचा गोंधळ उडाला यात तुमचा दोष फारसा नाही. समाजशास्त्राची प्राथमिक पाठ्यपुस्तके कार्यवाद (समाजाचे भाग मिळून समाज टिकवतात), संघर्षवाद (समाज हितसंबंधांच्या झगड्यातून चालतो) आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावाद (समाज माणसांच्या परस्परव्यवहारातल्या अर्थांतून घडतो) यांना ‘तीन प्रतिमाने’ म्हणतात. संशोधनपद्धतीची पुस्तके उघडली, की तिथे प्रत्यक्षार्थवाद (समाजाचा अभ्यास निसर्गविज्ञानासारखा, निरीक्षण आणि मापनाने करावा), अन्वयार्थवाद (माणसे आपल्या कृतींना देतात तो अर्थ समजून घ्यावा) आणि चिकित्सक दृष्टी (ज्ञानामागची सत्ता आणि विषमता उघड करावी) या तिघांना तेच नाव दिलेले असते. पहिल्या यादीत समाज कसा चालतो याविषयीच्या सिद्धांतपरंपरा आहेत. दुसऱ्या यादीत समाजाविषयीचे ज्ञान कसे मिळते याविषयीच्या भूमिका आहेत. पदवीला पहिली यादी पाठ केलेल्या विद्यार्थ्यासमोर संशोधनाला आल्यावर दुसरी ठेवली जाते आणि या दोहोंचा संबंध काय, हे बहुधा कोणी सांगत नाही. दोन याद्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, हे आंतरक्रियावादाच्या उदाहरणावरून लगेच दिसते. हर्बर्ट ब्लूमर यांनी 1937 मध्ये या परंपरेला नाव दिले आणि माणसे एकमेकांच्या कृतींना अर्थ कसा देतात हे जवळून पाहण्याचा आग्रह धरला. त्याच परंपरेतल्या आयोवा विद्यापीठातील अभ्यासकांनी मात्र 1954 मध्ये ‘मी कोण आहे?’ या प्रश्नाची वीस उत्तरे लिहून घेणारी चाचणी मांडली आणि ‘स्व’ची संकल्पना मोजण्याजोगी केली. सिद्धांताची मुळे एकच असूनही पुराव्याची कल्पना वेगळी होती.

या शब्दाचा प्रवासही तुम्हाला ठाऊक असावा, कारण तुमच्या दोन पानांत विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांचा उल्लेख बहुधा येईलच. कून मूळचे भौतिकशास्त्राचे. 1958-59 हे वर्ष त्यांनी स्टॅनफर्ड येथील वर्तनशास्त्रांच्या अभ्यासकेंद्रात सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांच्या सहवासात काढले, आणि आपल्या क्षेत्रातले रास्त प्रश्न कोणते व रास्त पद्धती कोणत्या याविषयी ही मंडळी किती उघडपणे वाद घालतात, हे पाहून ते चकित झाले. भौतिकशास्त्रात किंवा खगोलशास्त्रात असे वाद सहसा का होत नाहीत, हे शोधता शोधता त्यांच्या हाती प्रतिमानाची कल्पना लागली. 1962 मध्ये त्यांचे ‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स’ हे पुस्तक आले आणि हा शब्द सगळीकडे पोहोचला. पुढे मार्गारेट मास्टरमन यांनी दाखवून दिले, की कून यांनी त्या पुस्तकात तो किमान 21 वेगवेगळ्या अर्थांनी वापरला आहे. 1969 च्या उत्तरलेखात कून यांनी दोन मुख्य अर्थ वेगळे केले : शास्त्रज्ञांच्या समुदायाने मिळून मानलेल्या गोष्टींचा सगळा संच हा एक, आणि ज्यांच्या आधाराने नवशिके प्रश्न सोडवायला शिकतात ती आदर्श उदाहरणे हा दुसरा. यांतल्या कोणत्याही अर्थाने शास्त्रज्ञ एका सकाळी बसून प्रतिमान ‘निवडत’ नाही. तो त्यात घडतो. संशोधन आराखड्यात जे प्रतिमान जाहीर करायला सांगितले जाते, ते कून यांच्याकडून थेट आलेले नाही. त्याचा प्रसार एगॉन गुबा आणि इव्होना लिंकन यांच्यासारख्या पद्धतीविषयक लेखकांनी केला. त्यांच्या 1994 च्या लेखात प्रत्यक्षार्थवाद, उत्तर-प्रत्यक्षार्थवाद (वास्तव बाहेर आहे, पण त्याचे ज्ञान कधीच पूर्ण नसते, असे मानणारा), चिकित्सक सिद्धांत आणि रचनावाद अशी चार प्रतिमाने मांडलेली आहेत, आणि वास्तवाचे स्वरूप काय, ज्ञाता आणि ज्ञेय यांचे नाते काय, ज्ञान मिळवायचे कसे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकासाठी दिलेली आहेत. तुम्हाला समितीने विचारलेला प्रश्न कून यांच्या नव्हे, तर गुबा-लिंकन यांच्या या अर्थाचा होता. तेव्हा कून यांचा दाखला देऊन लगेच ‘म्हणून मी रचनावाद निवडतो’ असे लिहू नका. मधला दुवा तुटलेला दिसेल.

आता सिद्धांताच्या पातळीवरचा वाद आणि प्रतिमानाच्या पातळीवरचा वाद यांतला फरक एका ठोस उदाहरणात पाहू. विषय वेदनादायक आहे. पण आपल्या शास्त्रात याहून स्पष्ट उदाहरण मला दिसत नाही. एमिल दुर्खीम यांनी 1897 मध्ये आत्महत्येचा अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातील सरकारी आकडेवारीत प्रोटेस्टंट समाजात आत्महत्येचे प्रमाण कॅथलिक समाजापेक्षा अधिक दिसत होते. व्यक्ती समूहाशी जितकी कमी बांधलेली, तितके हे प्रमाण वाढते, असा त्यांचा सिद्धांत होता. 1930 मध्ये मोरिस हाल्बवाक्स यांनी त्याला हरकत घेतली. कॅथलिक लोकसंख्या मोठ्या प्रमाणात ग्रामीण होती, त्यामुळे धर्माचा म्हणून दिसणारा परिणाम खरे तर ग्रामीण आणि शहरी जीवनपद्धतींमधला फरक असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद कितीही गंभीर असला, तरी सिद्धांताच्या पातळीवरचा आहे. आत्महत्येचे प्रमाण ही बाहेर असलेली, मोजता येणारी सामाजिक वस्तुस्थिती आहे आणि तिचे कारण शोधायचे आहे, यावर दोघांचे एकमत आहे. भांडण फक्त कारण कोणते यावर आहे, आणि अधिक चांगली आकडेवारी मिळाली तर ते मिटू शकते.

1967 मध्ये जॅक डग्लस यांनी जे विचारले, ते या वादात कोणत्याच बाजूला बसत नाही. एखादा मृत्यू ‘आत्महत्या’ म्हणून नोंदवला जातो तो कोणाच्या निर्णयाने? तपास करणारा अधिकारी, डॉक्टर, मृताचे कुटुंबीय हे सगळे त्या घटनेला अर्थ देत असतात. ज्या समूहात माणसे एकमेकांशी घट्ट बांधलेली असतात, तिथे मृत्यूचे खरे कारण झाकण्याची इच्छाही अधिक असते आणि ताकदही. म्हणजे ज्या सामाजिक बांधिलकीने आत्महत्या कमी होतात असे दुर्खीम म्हणत होते, तिनेच त्यांच्या नोंदी कमी होत असतील. ही हरकत अधिक आकडे गोळा करून मिटत नाही, कारण आकडा हाच पुरावा आहे की अभ्यासाचा विषय, इथपासून ती सुरू होते. दुर्खीम यांच्यासाठी जे उत्तराचे साधन होते, ते डग्लस यांच्यासाठी प्रश्न झाले. प्रतिमान बदलते तेव्हा काय होते, ते इथे डोळ्यांनी दिसते.

गोष्ट इथेही संपत नाही, आणि पुढचा भाग तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. 1986 मध्ये बर्निस पेस्कोसोलिडो आणि रॉबर्ट मेंडेलसोन यांनी ती हरकत मनावर घेतली आणि नोंदींतल्या पद्धतशीर चुकांचा सिद्धांताच्या निष्कर्षांवर किती परिणाम होतो, हे संख्याशास्त्राने तपासले. चुका होत्या, पण नेहमी वापरल्या जाणाऱ्या सामाजिक घटकांच्या परिणामांमध्ये त्यांमुळे फारसा फरक पडत नव्हता. एका प्रतिमानातून आलेली शंका दुसऱ्या प्रतिमानातल्या माणसांनी आपल्या भाषेत करून घेतली आणि तिला आपल्या परीने उत्तर दिले. त्याने डग्लस यांचे समाधान झालेच पाहिजे असे नाही. तरी या भिंतींमधून आवाज आरपार जात नाही, असे म्हणणाऱ्यांशी सहमत होणे मला कठीण जाते, ते अशाच कामांमुळे.

आता तुमच्या कामाकडे वळू. पत्रात तुम्ही एक प्रसंग ओझरता लिहिला आहे, आणि माझ्या मते तुमचे प्रतिमान त्यातच सापडेल. प्रश्नावलीत ‘मी वर्गातील चर्चेत नेहमी भाग घेतो/घेते’ या विधानासमोर एका विद्यार्थिनीने ‘पूर्ण सहमत’वर खूण केली होती. मुलाखतीत तिने सांगितले, की ती सगळे लक्ष देऊन ऐकते, वहीत प्रश्न लिहून ठेवते आणि तास संपल्यावर मैत्रिणीला विचारते. वर्गात मात्र तिने एकदाही तोंड उघडलेले नाही. हे तुम्ही ‘माहितीतील विसंगती’ या शीर्षकाखाली टाकून पुढे गेलात. थोडे थांबा आणि स्वतःला विचारा, की ही विसंगती तुमच्या दृष्टीने नेमकी काय आहे. ती मापनातली चूक असेल, तर वर्गातला सहभाग ही एक ठरलेली गोष्ट आहे, तुमचे विधान ती नीट पकडू शकले नाही आणि पुढच्या वेळी विधान सुधारायला हवे, असे तुम्ही मानता. तिच्या लेखी ऐकणे आणि वहीत लिहिणे हाच सहभाग आहे आणि हा अर्थ समजणे हेच तुमच्या अभ्यासाचे फलित आहे, असे वाटत असेल, तर तुम्ही अन्वयार्थवादी भूमिकेच्या जवळ आहात. आणि ‘सहभाग म्हणजे मोठ्याने बोलणे’ ही व्याख्या कोणी ठरवली, तिच्यामुळे कोणाचे शांत कष्ट अदृश्य राहतात, हा प्रश्न तुम्हाला टोचत असेल, तर चिकित्सक दृष्टी तुमच्यात आधीपासूनच काम करते आहे. तीनही वाचनांत सिद्धांत सांस्कृतिक भांडवलाचाच राहू शकतो.

‘बोर्द्यू घेतले’ एवढ्याने प्रतिमान का ठरत नाही, ते यावरून कळेल. पॉल डिमॅजिओ यांनी 1982 मध्ये सांस्कृतिक भांडवल हे कला, संगीत आणि साहित्य यांतील रस, सहभाग आणि माहिती यांवरून मोजले आणि त्याचा शालेय गुणांशी संबंध तपासला. ॲनेट लारो यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुटुंबांचे दैनंदिन जीवन अगदी जवळून पाहिले आणि मध्यमवर्गीय पालक मुलांना डॉक्टरांसमोरही न बिचकता प्रश्न विचारायला कसे तयार करतात, ते तपशिलात दाखवले. संकल्पना एकच, एकीकडे ती चल, म्हणजे मोजायची राशी, झाली, दुसरीकडे ती व्यवहारात घडताना दिसली. या प्रवासात तिचा अर्थही थोडा हलला. लारो यांनीच, एलियट वाइनिंगर यांच्यासह, त्याच वर्षी अशी तक्रार मांडली, की इंग्रजीतल्या संशोधनात ही संकल्पना उच्चभ्रू अभिरुचीपुरती आकसली आहे आणि संस्थांनी लावलेले निकष कोणाच्या बाजूने झुकतात हा तिचा गाभा मागे पडला आहे. सिद्धांत एका प्रतिमानातून दुसऱ्यात नेता येतो. पण नेताना त्याचे काय सुटले आणि काय जोडले गेले, हे लिहिण्याची जबाबदारी नेणाऱ्याची असते. स्वतः बोर्द्यूंनी आयुष्यभर सर्वेक्षणेही केली आणि मुलाखतीही घेतल्या, आणि वस्तुनिष्ठ रचना की व्यक्तीचा अनुभव ही विभागणीच त्यांना मान्य नव्हती. त्यांचे नाव घेणाऱ्याला सर्वेक्षण वापरल्याबद्दल खजील होण्याचे काहीच कारण नाही.

तुमच्या मनातले दुसरे गृहीतक असे, की आकडे म्हणजे प्रत्यक्षार्थवाद आणि मुलाखत म्हणजे रचनावाद. समितीच्या प्रश्नातही त्याची छाया आहे, आणि तो प्रश्न तितकासा न्याय्य नव्हता, असे मला वाटते. मुलाखतीतून ‘नेमके काय घडले’ याची माहिती काढून, ती दुसऱ्या साक्षीदाराशी पडताळून, संकेतांकन (उत्तरांची ठरावीक गटांत विभागणी) करणाऱ्या दोघांमधल्या सहमतीचे प्रमाण काढणारा संशोधक पूर्णपणे प्रत्यक्षार्थवादी राहू शकतो. उलट, लोक स्वतःचे वर्णन कोणत्या पर्यायांमधून करायला तयार होतात, हे पाहण्यासाठी सर्वेक्षण वापरणारा अन्वयार्थवादीही असू शकतो. पद्धत हे साधन आहे. त्यातून हाती आलेल्या गोष्टीला तुम्ही काय म्हणता, तिथे प्रतिमान दिसते. तरीही समितीच्या प्रश्नात एक खरा काटा आहे. वास्तव हे केवळ अर्थांचे बनलेले असते आणि प्रत्येकाचे वेगळे असते, अशा कडक रचनावादाचे नाव घेऊन लगोलग ‘पालकांच्या शिक्षणाचा गळतीवर परिणाम होत नाही’ ही शून्य परिकल्पना नाकारणे हे एकमेकांशी जुळत नाही, कारण ती चाचणी तुमच्या-माझ्या अर्थांपलीकडे असलेल्या एखाद्या संबंधाविषयी बोलत असते. विसंगती तुमच्या कामात नाही, कामाला लावलेल्या नावात आहे.

मग पर्याय कोणते? सर्वेक्षण काढून टाकणे हा सर्वांत सोपा दिसणारा आणि सर्वांत महागडा पर्याय आहे. गळती कोणाची होते याचे चित्र त्याने हातचे जाईल आणि मिळेल काय, तर एका शब्दाशी सुसंगती. तो मी सुचवणार नाही. रचनावाद ठेवून सर्वेक्षणाचा अर्थ बदलणे, म्हणजे आकड्यांकडे विद्यार्थ्यांच्या आत्मवर्णनाचा नमुना म्हणून पाहणे, हे तात्त्विकदृष्ट्या शक्य आहे. मात्र त्यासाठी परिकल्पना-चाचणीचे संपूर्ण प्रकरण नव्याने लिहावे लागेल, आणि तुमचा प्रश्न ‘का सोडतात’ असा कारणाचा असल्याने ते तुमच्या प्रश्नालाही साजेसे नाही.

व्यवहारवादाचा आसरा अनेकजण घेतात. 1980 च्या दशकात शिक्षणाच्या संशोधनात प्रतिमानांवरून जी भांडणे झाली, त्यांना कंटाळलेल्या अभ्यासकांना ‘प्रश्नाला जे उपयोगी पडेल ते वापरा’ ही भूमिका मोकळी हवा देणारी वाटली, आणि मिश्र पद्धतींचा प्रसार तिच्यामुळे झाला, हे खरे आहे. परंतु प्रबंधात मी ती बहुतेक वेळा प्रश्न टाळण्यासाठी वापरलेली पाहते. व्यवहारवादाचे एक प्रमुख तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या विचारात ‘उपयोगी’ हा शब्द फार कष्टाने कमावलेला आहे. कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या कोणत्या अडचणीवर आणि कोणत्या परिणामांनी पारखून, हे त्यात येते. तेवढे लिहिण्याची तयारी असेल तर जरूर घ्या. ‘मी दोन्ही पद्धती वापरल्या, म्हणून मी व्यवहारवादी’ एवढेच म्हणायचे असेल, तर पुढच्या बैठकीत पुन्हा तीच शांतता पसरेल.

पत्रावरून मला असे वाटते, की तुम्ही ज्याला चिकित्सक वास्तववाद म्हणतात त्याच्या जवळ आहात. 1970 च्या दशकात रॉय भास्कर यांनी मांडलेल्या या भूमिकेत असे मानले जाते, की सामाजिक रचना खरोखर असतात आणि आपल्याला त्या कळोत न कळोत, परिणाम घडवतात. त्यांच्याविषयीचे आपले ज्ञान मात्र नेहमीच विशिष्ट जागेवरून मिळवलेले आणि चुकू शकणारे असते. तुम्ही पत्रात लिहिता, की ‘मुलांना स्वतःलाच वाटते की आपल्यात कुवत नाही, पण मला दिसते की वर्गाची भाषाच त्यांच्याविरुद्ध आहे.’ जो संशोधक माणसाच्या स्वतःच्या समजुतीपलीकडे असलेली एक रचना दिसते असे म्हणतो आणि तरीही ती समजूत ऐकण्यासाठी त्याच्यापुढे तासन्‌तास बसतो, त्याची भूमिका साधारण हीच असते. हे माझे वाचन आहे. ते तुम्हाला पटले नाही, तर ते का पटले नाही हे लिहून काढा. तेही प्रतिमान शोधण्याचेच काम आहे.

एक सावधगिरीची सूचना देते. सर्व प्रतिमाने सुखाने एकत्र नांदतात, असा निष्कर्ष यातून काढू नका. गिब्सन बरेल आणि गॅरेथ मॉर्गन यांनी 1979 मध्ये संघटनांच्या अभ्यासासाठी चार प्रतिमाने मांडली, तेव्हा ती परस्परांना वगळणारी आहेत आणि एकाच वेळी एकाहून अधिकांत उभे राहता येत नाही, असे त्यांनी ठामपणे म्हटले होते. त्यांचे म्हणणे मला टोकाचे वाटते; पण त्यातला धोक्याचा इशारा खरा आहे. ‘सत्य एकच आहे’ आणि ‘सत्ये अनेक आहेत’ ही दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात, एकाच अर्थाने लिहिता येत नाहीत. पद्धती मिसळा, सिद्धांतही जोडा. गृहीतकांमध्ये जिथे खरा विरोध आहे तिथे मात्र एक बाजू घ्यावी लागते किंवा कोणत्या प्रकरणात कोणती भूमिका आहे हे वेगळे करून सांगावे लागते.

प्रतिमान आधी निवडायचे का, या प्रश्नाचे उत्तर आतापर्यंत तुमच्या लक्षात आले असेल. यादीतून नाव उचलून संशोधन सुरू करणारी माणसे क्वचितच भेटतात. बहुतेकांचे प्रतिमान त्यांनी प्रश्न कसा विचारला यात आधीच बसलेले असते. ‘किती’ आणि ‘कशामुळे’ विचारणारा, ‘त्यांना हे कसे वाटते’ विचारणारा आणि ‘हे कोणाच्या सोयीचे आहे’ विचारणारा, असे हे तिघे निघतानाच वेगवेगळ्या दिशांना निघालेले असतात. तेव्हा काम शोधण्याचे आहे, आणि ते अर्धे काम झाल्यावर केले म्हणून लाज वाटायला नको. मात्र ते उघड करायला उशीर झाला, तर साधने चुकीची बनतात, हेही खरे आहे. ‘घरी किती पुस्तके होती?’ आणि ‘वर्गात काही बोलावेसे वाटले आणि बोलला नाहीत, असा एखादा प्रसंग सांगाल का?’ हे दोन प्रश्न एकाच मुलाखतीत विचारता येतात. पण त्यांची उत्तरे एकाच तक्त्यात भरता येत नाहीत, हे मुलाखतीआधी ठाऊक असलेले बरे.

दोन पानांविषयी माझे मत असे, की ती वेगळी ‘जोडू’ नका. सैद्धांतिक चौकटीचे प्रकरण आहे तसे ठेवा. त्यात बोर्द्यू काय म्हणतात आणि तुम्ही त्यांतले काय घेता, एवढेच असू द्या. प्रतिमान संशोधनपद्धतीच्या प्रकरणाच्या सुरुवातीला आणा, कारण प्रश्नावली आणि मुलाखत यांच्याकडून तुम्ही काय अपेक्षिता याचे समर्थन त्यातूनच निघणार आहे. चार ‘वादां’चा इतिहास सांगणारा तक्ता टाळा, परीक्षकांनी तो शंभरदा पाहिलेला असतो. त्याऐवजी या धर्तीचे काही लिहा : ‘शैक्षणिक विषमतेच्या रचना विद्यार्थ्यांना जाणवल्या नाहीत तरी परिणाम घडवतात, असे या संशोधनात मानले आहे, मात्र त्या कोणत्या मार्गाने परिणाम घडवतात, हे विद्यार्थी आपल्या अनुभवाला देत असलेल्या अर्थावाचून कळत नाही. म्हणून सर्वेक्षणातून गळतीचा आकृतिबंध शोधला आहे आणि मुलाखतींतून त्यामागील प्रक्रिया. दोहोंची उत्तरे जुळली नाहीत, तेव्हा कोणत्याही एका उत्तराला चूक न ठरवता, ती विसंगतीच विश्लेषणाचा विषय केली आहे.’ आणि मग हा शेवटचा शब्द पाळा. त्या विद्यार्थिनीचा प्रसंग ‘विसंगती’च्या शीर्षकाखालून काढून विश्लेषणाच्या प्रकरणात आणा.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांनाही याचा उपयोग व्हावा. केवळ सर्वेक्षण करणाऱ्यांना वाटते, की प्रतिमानाचा प्रश्न आपल्याला लागूच नाही. त्यांनी आपल्या प्रश्नावलीतला एखादा शब्द, उदाहरणार्थ ‘समाधान’ किंवा ‘विश्वास’, उत्तर देणारा आणि आपण एकाच अर्थाने घेतो हे कशावरून मानले, एवढे तरी लिहावे. केवळ मुलाखती घेणाऱ्यांनी उलट बाजूने पाहावे : सांगणाऱ्याच्या शब्दाला आपण घटनेची नोंद मानतो की घटनेचा अर्थ, आणि एका प्रकरणात एक, दुसऱ्यात दुसरे, असे नकळत होते आहे का? लोकांसोबत बदल घडवण्यासाठी संशोधन करणाऱ्यांवर ‘तटस्थता नाही’ असा आक्षेप येतो; त्यांनी तो सिद्धांताच्या पातळीवर झेलू नये, कारण तो आक्षेप दुसऱ्या प्रतिमानातून आलेला असतो आणि त्याला उत्तरही त्याच पातळीवर, म्हणजे ज्ञान आणि हितसंबंध यांचे नाते आपण कसे मानतो हे सांगून, द्यावे लागते.

पुढच्या सादरीकरणात त्याच सदस्यांनी तोच प्रश्न विचारला, तर नावापासून सुरुवात करू नका. आधी विसंगतीचा तो प्रसंग थोडक्यात सांगा, मग तुम्ही त्याला मापनातली चूक का मानत नाही हे सांगा, त्यानंतर पाच टक्क्यांची चाचणी कोणत्या मर्यादित दाव्यासाठी वापरली आहे ते सांगा, आणि ‘या भूमिकेला चिकित्सक वास्तववाद म्हणतात’ हे वाक्य सर्वांत शेवटी येऊ द्या. ‘रचनावाद हा शब्द मागच्या वेळी मी नीट विचार न करता वापरला होता,’ असे सरळ सांगितलेत तरी चालेल. परीक्षक त्याला कमीपणा समजत नाहीत. त्याआधी मार्गदर्शकांची वेळ घेऊन वरचा परिच्छेद तुमच्या शब्दांत लिहून त्यांना दाखवा, आणि प्रकरणांच्या क्रमातला बदल त्यांना मान्य आहे ना, हे विचारून घ्या.